शिसं नाही, मग एक्स-रे अडणार कसा?

एक्स-रे रूममधला शिशाचा जड एप्रन पाहून अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, की एक्स-रे फक्त शिसंच अडवतं. म्हणजे शिसं नसलेल्या पेरोव्स्काइटचा (एका खास स्फटिकरचनेच्या पदार्थाचा) एक्स-रे टिपणारा डिटेक्टर कुचकामी. साफ चूक! किरण किती शोषले जातील हे मुख्यतः अणुक्रमांक आणि घनतेवर ठरतं. शिशाचा अणुक्रमांक 82, बिस्मथचा 83. सिझियम, चांदी, बिस्मथ, ब्रोमीन यांच्या पेरोव्स्काइट स्फटिकाचा संवेदनशील डिटेक्टर वुहानच्या संशोधकांनी 2017 मध्येच दाखवला. त्याला बाहेरून व्होल्टेज लागायचं. स्वयंऊर्जित प्रकारात, म्हणजे बाहेरचं व्होल्टेज न लागणाऱ्या डिटेक्टरमध्ये, वेगवेगळ्या पदार्थांच्या थरांच्या सांध्यावरचं विद्युतक्षेत्रच एक्स-रेमुळे सुटे झालेले इलेक्ट्रॉन ओढतं. सिग्नल मोजणाऱ्या सर्किटला मात्र वीज लागतेच. खरी अडचण इथे आहे: किरण पुरेसे शोषायला थर जाड हवा, आणि जाड थरात हे क्षेत्र क्षीण होतं.