इंदूरमध्ये खासगी कॉलेज सुरू करायचे आहे? एनओसी, संबद्धता आणि जमिनीचे कागद

"एनओसी आली, आता प्रवेश सुरू करू," असे कोणी म्हणाले की मी हात जोडून सांगतो, थांबा. मध्य प्रदेशात खासगी कॉलेजला दोन वेगळ्या परवानग्या लागतात. पहिली भोपाळहून, उच्च शिक्षा विभागाची ना-हरकत, म्हणजे एनओसी. दुसरी विद्यापीठाची संबद्धता, म्हणजे कॉलेज विद्यापीठाशी जोडून घेण्याची मंजुरी (संलग्नता). एनओसीचा अर्थ इतकाच की कॉलेज काढायला शासनाची हरकत नाही. मुलांची विद्यापीठातली नोंदणी, परीक्षा, गुणपत्रिका आणि पदवी यांचा आधार संबद्धता हाच असतो.

हा फरक मला घरातच कळला. माझ्या भाचीने बारावीनंतर एका नव्या संस्थेत फी भरली, वर्गही सुरू झाले. परीक्षेचा फॉर्म भरायला बसली, तर ऑनलाइन यादीत कॉलेजचे नावच नाही. संस्थेकडे एनओसी होती, संबद्धतेचा अर्ज अजून विचाराधीन होता. तिचे वर्ष गेले. संस्थाचालक लबाड नव्हते, त्यांना प्रक्रियेचा क्रम ठाऊक नव्हता.

सुरुवात संस्थेपासून होते. कॉलेज एका व्यक्तीच्या नावावर काढता येत नाही. नोंदणीकृत सोसायटी, सार्वजनिक न्यास किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी लागते. आपल्याकडे बहुतेक जण सोसायटीच करतात. मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम 1973 नुसार त्यासाठी किमान सात सदस्य हवेत, आणि संस्थेच्या उद्देशांत उच्च शिक्षण स्पष्ट लिहिलेले हवे. जुनी संस्था असेल तर याच अधिनियमाच्या धारा (कलम) 27 ची कार्यकारिणीची यादी आणि धारा 28 चे ऑडिट झालेले हिशेब दरवर्षी दाखल झालेत का, ते आधी बघा. गणेशोत्सव, वाचनालय, शिष्यवृत्त्या अशी कामे पन्नास-पन्नास वर्षे करणाऱ्या मराठी संस्था इंदूरात आहेत. काम चोख, पण अशा ठिकाणी कधी कधी धारा 27 ची यादी चार-पाच वर्षे मागे राहिलेली असते. अर्जाच्या आधी ती अद्ययावत करून घ्या.

आता जमीन. फाइल सगळ्यात जास्त इथे अडकते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लोकमान्य नगरातल्या एका घरी मला फाइल बघायला बोलावले होते. टेबलावर रजिस्ट्री (नोंदणीकृत खरेदीखत), खसरा आणि बी-1 (महसुली दप्तरातले जमिनीचे उतारे), नकाशा, सगळे नीट पिशव्यांत घातलेले. रजिस्ट्री उघडली तर खरेदीदार म्हणून संस्थेच्या अध्यक्षांचे नाव, संस्थेचे नाही. "काका आमचेच आहेत, त्यात काय?" असे सचिव म्हणाले. पण तपासणीला येणारी समिती काका कोणाचे ते बघत नाही, ती खसऱ्यावरचे नाव बघते. मालकी आणि ताबा निर्विवादपणे संस्थेचा हवा. त्या मंडळींना आधी दानपत्र, मग नामांतरण (महसुली नोंदीत मालकाचे नाव बदलणे) करावे लागले आणि ते सत्र, म्हणजे शैक्षणिक वर्ष, हातचे गेले.

मालकी झाली की वापर. शेतीच्या जमिनीचे डायव्हर्शन (वापर बदलाची महसुली नोंद) शैक्षणिक वापरासाठी झालेले हवे. मास्टर प्लॅनमध्ये त्या जागेचा भू-उपयोग काय आहे, हे नगर तथा ग्राम निवेश (नगररचना) कार्यालयातून लेखी घ्या. दलालाच्या तोंडी हमीवर जाऊ नका. क्षेत्रफळासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे संबद्धता नियम महानगरात किमान 2 एकर आणि इतरत्र 5 एकर सांगतात. वर्गात विद्यार्थ्यामागे किमान 15 चौरस फूट, प्रयोगशाळेत 20 चौरस फूट. राज्याची मार्गदर्शिकाही सत्रागणिक निघते. दोन्ही समोर ठेवा आणि जो निकष कडक असेल तो धरून चाला. इमारतीसाठी मंजूर नकाशा, पूर्णता प्रमाणपत्र आणि अग्निशमनाची एनओसी लागेल. रॅम्प आणि अपंगांसाठीचे स्वच्छतागृह नकाशातच घ्या. नंतर तोडफोड करून केलेला रॅम्प इतका उभा होतो की त्यावरून व्हीलचेअर चढत नाही.

कुठले विद्यापीठ, हे जागेवरून ठरते, आवडीवरून नाही. इंदूर शहर, महू, सांवेर हा भाग देवी अहिल्या विश्वविद्यालयाकडे आहे. हे विद्यापीठ 1964 चे, अहिल्यादेवींचे नाव त्याला 1988 मध्ये मिळाले. देवासला जागा घेतलीत तर उज्जैनच्या विद्यापीठाकडे जावे लागेल. महेश्वर प्रत्यक्ष अहिल्यादेवींची राजधानी, पण ते खरगोन जिल्ह्यात येते आणि खरगोनला 2024 मध्ये क्रांतिसूर्य टंट्या भील विश्वविद्यालय सुरू झाले आहे. जमिनीचा बयाणा देण्याआधी एवढे तपासून घ्या.

एनओसीचा अर्ज विभागाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. पोर्टल ठरलेल्या मुदतीतच उघडते. मुदत चुकली की पुढच्या सत्रापर्यंत थांबणे आले. संस्थेची नोंदणी व घटना, कार्यकारिणीचा ठराव, जमिनीचे आणि इमारतीचे कागद, मागील ऑडिट, बँकेतील ठेवींचा पुरावा, मागितलेले विषय आणि शपथपत्र, हे सगळे स्कॅन करून तयार ठेवा. ठरावातली विषयांची यादी आणि अर्जातली यादी शब्दशः एकच हवी. ठरावात "वाणिज्य" आणि अर्जात "बी.कॉम. संगणक" असेल तर शंका निघणारच. एनओसी मिळाली की त्याच विषयांसाठी विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे संबद्धतेचा अर्ज करायचा. मग निरीक्षण समिती येते, अहवाल देते, आणि त्यावर विद्यापीठात निर्णय होतो.

समिती इमारत बघते, पण माणसेही बघते. प्राचार्य आणि प्राध्यापकांच्या नेमणुका विद्यापीठाच्या परिनियम 28 प्रमाणे, म्हणजे आपण ज्याला कोड 28 म्हणतो त्याप्रमाणे, व्हायला हव्यात. सहायक प्राध्यापकाला पदव्युत्तर पदवीत 55 टक्के आणि नेट, सेट या पात्रता परीक्षा किंवा नियमांत बसणारी पीएच.डी. लागते. तपासणीच्या दिवशी चार ओळखीचे प्राध्यापक खुर्चीवर आणून बसवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. त्याला घराबाहेर काढा. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सीबीआयची चौकशी लागली, आणि हजारो मुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. कागदावरच्या शिक्षकांची किंमत त्यांनी मोजली.

बी.ए., बी.एससी., बी.कॉम. यांना वरचा रस्ता पुरतो. बी.एड.ला एनसीटीई (शिक्षक-शिक्षणाची राष्ट्रीय परिषद), कायद्याला बार कौन्सिल, फार्मसीला फार्मसी कौन्सिल, इंजिनिअरिंग व एमबीएला एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद) यांची मान्यता वेगळी. बीबीए आणि बीसीएसुद्धा 2024-25 पासून एआयसीटीईकडे गेले आहेत, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नसते. व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीही तुम्ही ठरवत नाही. भोपाळची प्रवेश एवं शुल्क विनियामक समिती ठरवते.

थेट खासगी विद्यापीठच काढायचे असेल तर वाट निराळी. मध्य प्रदेशाचा 2007 चा खासगी विद्यापीठ अधिनियम लागू होतो. प्रायोजक संस्था प्रकल्प अहवालासह भोपाळच्या विनियामक आयोगाकडे जाते, तिथून आशयपत्र (लेटर ऑफ इंटेंट) मिळते, मग जमीन, इमारत आणि कायम निधीच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. शेवटी अधिनियमाच्या अनुसूचीत विद्यापीठाचे नाव यावे लागते आणि ते राजपत्रात प्रसिद्ध होते. शेजारच्या छत्तीसगडने 2002 मध्ये केलेल्या कायद्याने नुसत्या अधिसूचनांवर शंभराहून जास्त विद्यापीठे उभी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2005 मध्ये त्या तरतुदी रद्द केल्या आणि ती विद्यापीठे एका निकालात संपली. अनुदान आयोगाच्या कायद्याचे कलम 23 तर अधिकार नसताना नावात "विद्यापीठ" हा शब्द लावायलाही मनाई करते, तेव्हा लेटरहेड आधी छापू नका.

संबद्धता सुरुवातीला तात्पुरती असते आणि तिची निरंतरता, म्हणजे ती पुढे चालू ठेवण्याची मंजुरी, वेळोवेळी घ्यावी लागते. प्रवेश पुस्तिकेत संबद्धतेच्या आदेशाचा क्रमांक, तारीख, सत्र आणि मंजूर प्रवेशसंख्या पहिल्याच पानावर छापा. आणि पालकांनो, फीची पावती घेण्याआधी तेच पान उघडा. क्रमांक नसेल तर आदेशाची प्रत मागा आणि विद्यापीठाच्या यादीशी ताडून बघा.