'तीन महिन्यांची शुगर' तपासायला येण्यापूर्वी

उपाशीपोटीची शुगर 115 आणि एचबीएवनसी, म्हणजेच 'तीन महिन्यांची शुगर', 7.8. असा रिपोर्ट हातात पडला की "तुमचं मशीन चुकलं" असं ग्राहक म्हणतात. बहुतेक वेळा दोन्ही आकडे बरोबर असतात. उपाशीपोटीची शुगर फक्त त्या सकाळची असते. आधी दोन दिवस गोड बंद केलं, रात्री लवकर आणि थोडं जेवलं, की ती खाली येते. एचबीएवनसी दोन दिवसांच्या पथ्याने हलत नाही.

रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत, म्हणजे साधारण 120 दिवस, चिकटलेलीच राहते. एचबीएवनसी हे तिचंच मोजमाप. म्हणून यासाठी उपाशी यायची गरज नाही, चहा-नाश्ता करून या. आणि दर महिन्याला करून पैसे घालवू नका; औषध बदललं तर तीन महिन्यांनी करा.

5.7 च्या खाली ठीक, 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, 6.5 आणि वर मधुमेह. काही त्रास नसताना एकाच रिपोर्टवर निदान पक्कं करत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. 7 म्हणजे सरासरी शुगर 154 च्या आसपास.

आता जे आम्हाला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. हा आकडा तांबड्या पेशींवर उभा आहे, त्यामुळे पेशींचंच गणित बिघडलेलं असेल तर तोही बिघडतो. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर एचबीएवनसी खरं असतं त्यापेक्षा जास्त येऊ शकतं. आपल्याकडे कितीतरी बायकांना ही कमतरता असते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की आकडा उतरतो आणि वाटतं, शुगर सुधारली! उलट सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटा कमी दिसतो. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या ज्या घरांत सिकलसेल आहे, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. अलीकडे रक्त चढवलं असेल, मोठा रक्तस्राव झाला असेल, डायलिसिस चालू असेल, तरी या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून सॅम्पल देण्याआधी यातलं काही असेल तर आवर्जून सांगा. पहिल्यांदाच एचबीएवनसी करत असाल तर सोबत सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) करा, असं आम्ही सुचवतो. शंका असेल तर डॉक्टर फ्रुक्टोसामिन सांगू शकतात. ती चाचणी तांबड्या पेशींवर अवलंबून नाही, मागच्या दोन-तीन आठवड्यांची शुगर दाखवते. गरोदरपणात मात्र निदानासाठी एचबीएवनसीवर विसंबू नका. तिथे 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर बघतात, 140 किंवा जास्त आली तर लगेच डॉक्टरांकडे जा.

मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा लघवीची एसीआर तपासणीही (लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं मोजमाप) करावी. मूत्रपिंडाला झालेली इजा साध्या लघवी तपासणीत दिसण्याच्या कितीतरी आधी यात दिसते, आणि त्या टप्प्यावर औषधांनी ती रोखून धरता येते. 30 च्या खाली असलं की बरं. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जबर व्यायाम यांनी आकडा वाढतो, तेव्हा ते दिवस टाळा. डबी आदल्या दिवशीच घेऊन जा आणि सकाळची पहिली लघवी आणा.