प्रबोधनकालीन व्यक्तिचित्र पदके

पंधराव्या-सोळाव्या शतकांत इटलीत रुजलेला धातुशिल्पाचा एक प्रकार. वर्तुळाकार पदकाच्या एका बाजूला व्यक्तीचा चेहरा व नाव, दुसऱ्या बाजूला तिचे प्रतीकचित्र असे. मराठीत पदक म्हटले की छातीवरचा बिल्ला आठवतो. ही पदके मात्र तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहायची. ती चलनही नव्हती, आणि त्यांचे बळ त्यातच होते. नाण्यावर चेहरा उमटवायला टांकसाळीचा हक्क लागे. पदकाला कलावंत आणि पैसा पुरे.

या प्रकाराचा पाया पिसानेल्लो या चित्रकाराने घातला. चर्चच्या परिषदेसाठी इटलीत आलेला बायझंटाईन सम्राट आठवा जॉन पालायोलोगस याचे सुमारे १० सेंमी. व्यासाचे पदक त्याने १४३८-३९ च्या सुमारास केले. चेहरा एका बाजूने दाखवण्याची रीत रोमन नाण्यांची. त्यामुळे छोट्या संस्थानाचा धनीही सीझरांच्या पंगतीत बसे. मेणाचा नमुना, त्यावरून साचा, त्यात ब्रॉन्झ किंवा शिशाचा रस आणि शेवटी छिन्नीने सफाई, अशी ही ओतीव पदके होत.

खरी गंमत मागच्या बाजूला. फेरारा या संस्थानाचा धनी लिओनेल्लो देस्ते याच्या नावाचा अर्थ छोटा सिंह. त्याच्या १४४४ च्या विवाहपदकावर मदनदेव सिंहाला गाणे शिकवतो आहे. लग्न नाकारून मठात गेलेल्या चेचिलिया गोंझागाच्या पदकावर (१४४७) कौमार्याचे प्रतीक असलेला एकशिंगी प्राणी तिच्यापाशी शांत बसला आहे.

एकाच साच्याच्या अनेक प्रती निघत, म्हणून पदके भेट म्हणून फिरत. मांतुआच्या इझाबेल्ला देस्तेने आपले पदक ब्रॉन्झमध्ये इतरांना वाटले. स्वतःसाठी मात्र सोन्याची प्रत ठेवली, तिच्या चौकटीत हिऱ्यांनी नाव जडवून. ती आज व्हिएन्नात आहे. रिमिनीच्या सिजिस्मोंदो मालातेस्ताने तर इमारतींच्या भिंतींत पदके पुरून ठेवली. वास्तू ढासळल्या तरी बांधणाऱ्याचा चेहरा सापडावा म्हणून. सोळाव्या शतकात हान्स श्वार्त्स याच्यासारख्या कारागिरांमुळे जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या व्यापाऱ्यांनाही ही हौस परवडू लागली.

दुसऱ्याचे पदक बाळगणेही मानाचे असे. चित्रकार बोत्तिचेल्लीच्या एका चित्रातला तरुण फ्लॉरेन्सचा सत्ताधीश कोसिमो दे मेदिची याचे पदक दोन्ही हातांनी छातीशी धरून आपल्याकडे पाहतो. पदकावरचा चेहरा ओळखता येतो. तरुण कोण, यावर एकमत नाही.