खरखर जमली तरच टर्की येते

एक अरुंद, लांबट लाकडी पेटी. तिच्या एका टोकाला स्क्रू आणि स्प्रिंगने बसवलेलं झाकण, झाकणाला पुढे आलेला दांडा. दांडा धरून झाकण पेटीच्या काठावरून हलकेच सरकवलं की एक कर्कश, तुटका आवाज निघतो. आपल्याला वाटेल, बिजागरीला तेल घालायला झालंय. अमेरिकेतल्या जंगलातल्या टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या नराला मात्र तो मादीचा आवाज वाटतो आणि तो तिच्या शोधात निघतो. शिकारी याला ‘बॉक्स कॉल’ म्हणतात. आर्कान्सा राज्यातल्या डार्डनेल गावच्या हेन्री गिब्सनने 1897 मध्ये अशा पेटीचं पेटंट घेतलं. आज अमेरिकेतल्या गॅरेजांमध्ये बसून हौशी सुतार जे कॉल बनवतात, त्यांची मूळ रचना फारशी वेगळी नसते.

बिजागरी आठवते ती उगाच नाही. दोन्हीकडे घडतं ते एकच. झाकण काठावरून सरकताना खरं तर सरकत नाही. क्षणभर चिकटतं, ताण वाढला की सुटतं, पुन्हा चिकटतं. सेकंदाला शेकडो वेळा हे घडतं आणि प्रत्येक सुटण्याचा धक्का पेटीच्या पातळ भिंतींना बसून त्या थरथरतात. सारंगीची तार गजाखाली वाजते तीही याच तत्त्वावर. गजाला राळ लावतात, तसा कॉलच्या झाकणाला खडू लावतात. पण हा खडू बिनतेलाचा हवा. शाळेच्या काही खडूंमध्ये धूळ उडू नये म्हणून तेलकट पदार्थ असतो. तो लाकडात मुरला की पकड जाते आणि कॉल मुका होतो. घासणाऱ्या पृष्ठाला बोट लावलेलंही जुन्या शिकाऱ्यांना खपत नाही, त्वचेचं तेल पुरेसं असतं. पाणी तर मोठाच शत्रू. पावसात बॉक्स कॉल वाजवायचा तर तो पावाच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत घालून, पिशवीसकट वाजवायचा, ही तिथली सर्रास युक्ती आहे.

नुसती करकर काढणं कोणालाही जमेल. मादी टर्कीच्या हाकेला शिकारी ‘येल्प’ म्हणतात आणि तिच्या प्रत्येक स्वराचे दोन भाग असतात: आधी वरच्या पट्टीतली स्वच्छ शीळ, मग एकदम खाली घसरणारी घोगरी खरखर. कारागिराची सगळी परीक्षा या घसरण्यात आहे. त्यासाठी झाकणाची खालची बाजू सपाट ठेवत नाहीत, तिला हलका बाक देतात. झाकण फिरतं तसा टेकण्याचा बिंदू काठावरून पुढे सरकतो आणि भिंतीचा वेगळा भाग कंप पावू लागतो. बाक चुकला तर दोन्ही भाग एकमेकांत विरघळतात किंवा मध्येच खाच पडते. भिंतींची जाडी तर काही मिलिमीटरच. थोडं जास्त तासलं गेलं की आवाज पोकळ होतो आणि तासलेलं लाकूड परत लावता येत नाही. म्हणून कारागीर घासतो, वाजवतो, ऐकतो, पुन्हा थोडं घासतो. सीडार, अक्रोड, पॉप्लर, महोगनी, चेरी ही नेहमीची लाकडं. पण एकाच ओंडक्यातल्या दोन फळ्याही सारख्या वाजत नाहीत, कारण घनता आणि रेषांची दाटी जागोजागी बदलते. बऱ्याच पेट्यांच्या दोन बाजू मुद्दाम वेगळ्या लावलेल्या असतात, म्हणजे एकाच कॉलमधून दोन पक्षी बोलावेत. दक्षिण कॅरोलिनातल्या नील कॉस्ट यांनी घडवलेले लांब, वल्ह्यासारख्या झाकणाचे कॉल आज संग्राहक हजारो डॉलर मोजून घेतात.

पाटीचा कॉल हाही घर्षणाचाच भाऊ. लाकडी वाटीवर स्लेटची किंवा काचेची चकती बसवतात, तिच्याखाली पोकळीत आणखी एक पातळ चकती आणि तळाला भोकं. वरून लाकडी काडी छोट्या लंबगोलात फिरवायची. काडी काठाकडे नेली की आवाज चढतो, मध्याकडे आणली की उतरतो. तोंडातला डायफ्रॅम कॉल मात्र वेगळ्या घराण्याचा: घोड्याच्या नालासारख्या चौकटीत ताणलेला लॅटेक्सचा पडदा टाळूला चिकटवून त्यावर श्वास सोडायचा. पडद्याला मुद्दाम चीर देतात, कारण अखंड पडदा फार गोड वाजतो. सगळ्यात जुना मार्ग खुद्द टर्कीच्याच पंखांच्या पोकळ हाडांचा. दोन-तीन हाडं एकात एक बसवून नळी करायची आणि फुंकायची नाही, ओठांनी हवा आत ओढायची.

आता त्या नराचा विचार करू. वसंतात तो पहाटे झाडावरूनच ‘गॉबल’ करतो, म्हणजे आपली साद घालतो, आणि निसर्गाचा नियम असा, की मादीने त्याच्याकडे जायचं. शिकारी नेमकं उलटं मागतो. म्हणून कित्येकदा नर हाकेला उत्तर देतो, थोडा जवळही येतो आणि मग पिसारा फुलवून तिथेच उभा राहतो, ती येईल म्हणून. अशा वेळी जास्त वाजवणारा हरतो; गप्प बसणाऱ्याला कधीकधी यश येतं. नराची आणखी एक गंमत म्हणजे दचकून गॉबल करणं. घुबडाचा घूत्कार, कावळ्याची काव, ढगाचा गडगडाट, गाडीचं दार आपटणं, काहीही चालतं. म्हणून पहाटे शिकारी आधी घुबडाचा आवाज काढतात, नर कुठल्या झाडावर आहे ते कळावं म्हणून.

शीळ आणि नकलेने पक्षी बोलावण्याची विद्या आपल्याकडच्या फासेपारध्यांनाही पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आली; आता मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या परिसरात काही पारधी तरुण हेच कसब पर्यटकांना जंगल दाखवताना वापरतात. अमेरिकेत मात्र शिकार चालू राहिली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अतोनात घटलेला पक्षी सावरलाही. पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं सोडून काही साधलं नाही, कारण आईविना वाढलेल्या पिल्लांना भक्षक ओळखता येत नव्हते. मोठी जाळी उडवून रानटी टर्की पकडायच्या आणि रिकाम्या जंगलात सोडायच्या, हा उपाय लागू पडला. 1973 मध्ये स्थापन झालेली ‘नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन’ ही शिकाऱ्यांची संस्था या कामात पुढे होती. तीच दरवर्षी कॉल वाजवण्याच्या स्पर्धाही घेते.

स्पर्धेतला सुबक, मोजका येल्प परीक्षकांना आवडतो. जंगलातली मादी कधीकधी इतकं बेसूर ओरडते की पहिल्या फेरीतच बाद होईल, अशी शिकाऱ्यांची जुनी थट्टा आहे. मग ध्वनिमुद्रित खरा आवाजच का वाजवू नये? बहुतेक राज्यांत टर्कीच्या शिकारीसाठी इलेक्ट्रॉनिक आवाज वापरायला कायद्याने बंदी आहे. माझ्या मते हस्तकला टिकण्यात प्रेमाइतकाच या बंदीचा वाटा आहे.