पीएच.डी. (स्थापत्य व पर्यावरण अभियांत्रिकी)

पूल, धरणे, इमारतींचे पाये, रस्ते, पाणीपुरवठा, सांडपाणी, हवा, घनकचरा यांपैकी एखाद्या विषयात स्वतंत्र संशोधन करून, त्यावर प्रबंध लिहून आणि तो परीक्षकांपुढे टिकवून मिळवायची पदवी. पूर्णवेळ काम केल्यास साधारणपणे ३ ते ६ वर्षे लागतात. पूल बांधायला ही पदवी लागत नाही. त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी, अनुभव आणि जिथे आवश्यक असेल तिथे परवाना पुरतो. ती लागते अध्यापनाला, संशोधनसंस्थांना आणि ज्यांचे उत्तर कुठल्याच संहितेत सापडत नाही अशा प्रश्नांना हात घालणाऱ्यांना.

या दोन शाखा पुष्कळ विद्यापीठांत एकाच विभागात नांदतात, याला कारण पाणी. दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम केलेले फ्रेंच अभियंते आंरी दार्सी यांनी वाळूच्या स्तंभातून पाणी झिरपवून, ते किती वेगाने झिरपते हे सांगणारा नियम काढला आणि १८५६ मध्ये प्रसिद्ध केला. धरणाखालची गळती मोजणारा आणि भूजलातल्या प्रदूषणाचा माग काढणारा, दोघेही आज तोच नियम वापरतात.

पदवीचा मार्ग देशागणिक बदलतो. अमेरिकेत आधी अभ्यासक्रम, मग पात्रता परीक्षा, मग संशोधन प्रस्ताव असा क्रम असतो. ब्रिटनमध्ये विद्यार्थी बहुधा थेट संशोधनाला लागतो आणि शेवटची तोंडी परीक्षा बंद दाराआड होते. नेदरलँड्समध्ये ती जाहीर असते. विद्यावेतन पुष्कळदा मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून येते. त्यामुळे ‘विषय मी निवडला’ हे वाक्य अनेकांच्या बाबतीत अर्धेच खरे असते.

वेळापत्रक मात्र विद्यापीठापेक्षा प्रयोगातले पदार्थच ठरवतात. काँक्रीटची ताकद रूढीने २८व्या दिवशी मोजतात. मिश्रण चुकले तर ते महिन्याने कळते. सांडपाण्यातली घाण खाताना जीवाणू किती प्राणवायू वापरतात हे मोजणारी बीओडी चाचणी त्याहून छोटी: ३०० मिलिलिटरची काचेची बाटली, हवेचा बुडबुडा न राहू देता बसवलेले बूच, २० अंश सेल्सिअस, अंधार आणि ५ दिवस. सोमवारी लावलेली बाटली शनिवारी वाचावी लागते, मंगळवारची रविवारी. म्हणून जाणता विद्यार्थी बुधवारची वाट पाहतो. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जीवाणूंच्या टाकीत धीराचा खरा कस लागतो. टाकीतला गाळ सरासरी १५ दिवस राहत असेल, तर ती स्थिरावायलाच दीडेक महिना जातो. एखाद्या रात्री हवेचा पंप बंद पडला की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी अडचण आकाराची. धरण प्रयोगशाळेत मावत नाही, म्हणून प्रतिकृती करतात. सांडव्याच्या १:२५ प्रतिकृतीत फ्राउड नियमानुसार (गुरुत्वाने वाहणाऱ्या पाण्याच्या प्रतिकृतीत काळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो) काळ ५ पटींनी आक्रसतो आणि २४ तासांचा पूर ५ तासांच्या आत संपतो. इथवर सोय. पण अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण त्याच प्रमाणात लहान केला तर ०.०२ मिलिमीटरचा, म्हणजे गाळाचा, कण हाती येतो आणि तो वाळूसारखा वागत नाही. प्रतिकृतीत नेमके काय खोटे ठरते, हे ओळखणे हाच कित्येक प्रबंधांचा गाभा असतो. संगणकीय प्रारूपांनी हा त्रास कमी केला, संपवला नाही. प्रारूप ताडून पाहायला मोजमापे लागतातच.

नोकरी करून परत संशोधनाकडे वळणारे या शाखेत नवे नाहीत. अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे थोरले पुत्र हान्स आल्बर्ट यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन डॉर्टमुंडमध्ये पोलादी बांधकामांच्या संकल्पनाचे काम केले, मग झुरिकला परतून १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय होता नदीच्या तळाशी होणारे खड्यांचे वहन. खडा बहुतेक वेळ एका जागी पडून असतो आणि मधूनच एक टप्पा पुढे जातो. तो केव्हा हलेल हे नेमके सांगता येत नाही, फक्त संभाव्यतेत मांडता येते, अशी त्यांची मांडणी होती.