कंपवाताच्या संशोधनाला पैसा कुठून आला?

उभा जन्म यंत्रमागावर काढलेल्या सोलापूरच्या विणकराला कंपवात (पार्किन्सनचा आजार) जडला, की ताण्यातला तुटलेला धागा सांधणेही त्याला अवघड होते; दोन बोटांत टोके धरली जातात, पण हात थरथरतो, गाठ बसत नाही आणि तोवर माग थांबून राहतो. अशा रुग्णाला लिहून दिली जाणारी लेव्होडोपाची गोळी आजही या आजारावरील मुख्य औषध आहे आणि ते १९६० च्या दशकातले आहे.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले, तरी मेंदूत हालचालींसाठी लागणाऱ्या डोपामाइन या रसायनाचे महत्त्व स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी दाखवेपर्यंत १९५७ उजाडले. व्हिएन्नात होर्निकिविच यांना मृत रुग्णांच्या मेंदूत हेच रसायन घटलेले आढळले. १९६७ मध्ये जॉर्ज कोटझियस यांनी मेंदूत डोपामाइनमध्ये बदलणाऱ्या डोपा या द्रव्याची मात्रा हळूहळू वाढवत नेऊन रुग्णांना हालते-चालते केले. हे काम अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे झाले आणि ती प्रयोगशाळा सरकारी खर्चाने अणुसंशोधनासाठी उभारलेली होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुहिलीच्या बियांतून लेव्होडोपा १९३७ मध्येच वेगळे केले होते. मात्र त्याचा कंपवाताशी असलेला संबंध तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हता.

लेव्होडोपा डोपामाइनची उणीव भरून काढते, ते तयार करणाऱ्या मेंदूतील पेशींचा ऱ्हास थांबवत नाही. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरू लागतो आणि अनेकांना नको त्या हालचालींचा त्रास सुरू होतो. ऱ्हासच रोखणाऱ्या औषधाची चाचणी मोठ्या संख्येने रुग्णांवर वर्षानुवर्षे चालवावी लागते, शिवाय यशाची खात्री नसते. त्यामुळे खासगी पैसा कचरतो: २०१८ मध्ये फायझर या औषध कंपनीने मज्जासंस्थेच्या नव्या औषधांचे संशोधनच बंद केले.

ही पोकळी रुग्णांनी आणि त्यांच्या नातलगांनी भरली. ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये रुग्णांसाठी संस्था उभी राहिली. अमेरिकेत तरुणपणीच हा आजार झालेले अभिनेते मायकल जे. फॉक्स यांनी २००० मध्ये काढलेल्या संस्थेने आजवर दोन अब्ज डॉलरहून अधिक निधी संशोधनाला पुरवला आहे. तिनेच २०१० मध्ये सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासातील नमुन्यांवरून, मणक्यातील द्रवात अल्फा-सिन्युक्लिन या बिघडलेल्या प्रथिनाचा माग काढता येतो, हे २०२३ मध्ये दिसून आले. चाचणीसाठी योग्य रुग्ण लवकर निवडता येण्याची शक्यता त्यामुळे खुली झाली.

भारतात सगळ्या प्रकारच्या संशोधनावर मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी खर्च होतो आणि कंपवाताच्या वाट्याला त्यातलाही अंशच येतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि सरकारी प्रयोगशाळा, विद्यापीठे व भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांना दिलेली रक्कमही त्यात धरली जाते. कापड आणि साखर या सोलापूर जिल्ह्याच्या मुख्य धंद्यांतील ज्या कंपन्या या कायद्यात बसतात, त्यांनाही ही वाट मोकळी आहे.