छायाचित्र-समीक्षा (हौशी छायाचित्रकारांची)

हौशी छायाचित्रकारांनी आपली छायाचित्रे एकमेकांपुढे ठेवून त्यांतले काय जमले, काय फसले आणि का, हे मोकळेपणाने सांगण्याची पद्धत. बक्षीस देणे हा तिचा हेतू नव्हे. ‘वा, काय फोटो आहे!’ ही दादही तिच्यात मोडत नाही, कारण दाद घेऊन घरी गेलेला माणूस पुढचा फोटो तसाच काढतो.

ही पद्धत जवळपास छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. लंडनमध्ये १८५३ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पाठोपाठ १८५४ मध्ये मुंबईत. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही मुंबईच्या संस्थेचे सभासद होते. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढत. कलकत्ता आणि मद्रासच्या संस्था १८५६ च्या. कलकत्त्याच्या संस्थेत सगळेच खेळीमेळीचे नव्हते. तिचे कोशाध्यक्ष राजेंद्रलाल मित्र यांना १८५७ मध्ये काढून टाकण्यात आले, ते फोटोंवरून नव्हे, तर निळीच्या मळेवाल्यांवर भाषणात टीका केली म्हणून.

त्या काळातली चर्चा मुख्यतः रसायनांची असे. तेव्हा फोटो कलोडियन हा चिकट द्रव लावून प्रकाशाला संवेदनशील केलेल्या काचेवर निघे, आणि काच ओली असेपर्यंतच तो काढून धुवावा लागे; त्यामुळे डाग का पडला, काच धुरकट का झाली, छपाई पिवळी का पडते, हेच प्रश्न जीवनमरणाचे. फिकट पडणाऱ्या छायाचित्रांचा शोध घेण्यासाठी लंडनच्या संस्थेने १८५५ मध्ये खास समितीच नेमली होती. पुढे तयार कोरड्या काचा आल्या, १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा आला आणि धुण्या-छापण्याचे काम दुसऱ्यावर सोपवता येऊ लागले. मग बोलायला चौकट, प्रकाश आणि आशय उरले. आज आपण जिला समीक्षा म्हणतो ती खऱ्या अर्थाने इथून सुरू होते.

एका गावात न राहणाऱ्या हौशींनी टपालाचा आधार घेतला. अमेरिकेत १८६१ मध्ये छायाचित्रांची देवाणघेवाण करणारे हौशींचे मंडळ निघाले. ब्रिटनमधली फिरत्या पेटीची पद्धत मात्र त्याहून सुरेख. सभासदांचे छापील फोटो एका पेटीत घालून ती टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ज्याच्याकडे पेटी येते, तो प्रत्येक फोटोवर आपले मत लिहितो, आपला जुना फोटो त्यावरच्या अभिप्रायांसकट काढून घेतो, नवा ठेवतो आणि पेटी पुढे धाडतो. या संथपणातच तिचे बळ आहे. फोटो चार दिवस टेबलावर पडून असतो, येताजाता दिसतो. पहिल्या नजरेला आवडलेला तिसऱ्या दिवशी पोकळ वाटू लागतो, कधी उलटही होते. शिवाय लिहिलेले मत मंडळातले सगळे वाचणार असल्याने माणूस शब्द जपून वापरतो.

चांगला अभिप्राय आधी दिसलेले सांगतो, मग सुचवतो. समजा, वारीतला फोटो आहे: डोक्यावर तुळस घेतलेली बाई, मागे विजेचा खांब. ‘कॉम्पोझिशन कमजोर’ म्हटल्याने कुणाचेच भले होत नाही. ‘नजर आधी खांबाकडे जाते, तो तुळशीतून उगवल्यासारखा दिसतो, दोन पावले डावीकडे सरकला असतास तर मागे नुसते आभाळ आले असते’ असे म्हटले, की पुढच्या वेळी पाय आपोआप सरकतात. चौकट कुठे कापावी हे दाखवायला पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे फोटोवर सरकवून पाहतात. हे साधन इतके स्वस्त आहे की त्याचा विसर पडतो. ज्याचा फोटो असेल त्याने सुरुवातीला गप्प राहावे, असा संकेत काही मंडळांत पाळतात. ‘तिथे पाऊस होता, बाई लगेच निघून गेली’ ही हकिगत फोटोत नसते, आणि पाहणाऱ्याने फोटोच पाहायचा असतो.

या पद्धतीचा रोग म्हणजे ठरीव नियम. चौकटीचे तीन भाग पाडण्याचा नियम इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये, म्हणजे छायाचित्रणाच्या आधी, निसर्गचित्रांसाठी मांडला होता. त्यावरूनच मुख्य गोष्ट मधोमध नको असे ठरले, आणि आता मधोमध उभा असलेला माणूस दिसला, की काही जण न पाहताच तो बाजूला ढकलायला सांगतात. मंदिराच्या दारात सरळ समोर बसलेल्या म्हाताऱ्याला मधोमधच बसू द्यावे.

समीक्षेला स्पर्धेने बरेच झाकले. मुंबईत १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली, १९५३ मध्ये फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी. १९५० मध्ये स्थापन झालेल्या छायाचित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (फियाप) पदव्यांसाठी सलोनांत, म्हणजे स्पर्धात्मक प्रदर्शनांत, फोटो स्वीकारले जावे लागतात, म्हणून अनेक हौशी वर्षभर प्रवेशिकाच भरत असतात. परीक्षकांपुढून फोटो काही सेकंदांत सरकतो आणि ते गुण देतात. निकालात तो आकडा येतो. तुळशीतून उगवलेल्या खांबाचा उल्लेख नसतो.